टीएम१ए उंदीर आणि त्याच्या जोडीचे क्रे: काय घ्यावं, काय तपासून घ्यावं

एखादं जनुक फक्त यकृतात, फक्त मेंदूत किंवा उंदीर मोठा झाल्यावरच बंद करायचं असेल, तर युरोपच्या युकॉम आणि अमेरिकेच्या कॉम्प प्रकल्पांतून आलेला 'नॉकआउट-फर्स्ट' उंदीर आजही सगळ्यांत आधी शोधावा. कॅटलॉगात त्याच्या ॲलीलच्या (जनुकाच्या बदललेल्या रूपाच्या) नावात टीएम१ए असं लिहिलेलं असतं. हा आढावा त्या उंदराचा, आणि त्याच्याबरोबर लोक हमखास मागवतात त्या क्रे लाइनींचा (क्रे हे डीएनए कापणारं एन्झाइम; एकेका लाइनीच्या उंदरात ते ठरावीक पेशींत बनतं). निकाल आधीच सांगून टाकतो: उंदीर चांगला आहे. प्रयोग फसतात ते बहुतेक वेळा क्रेमुळे आणि अपुऱ्या कंट्रोलमुळे. पिंजरे आणि पैसे तिकडे राखून ठेवा.

साधा नॉकआउट, म्हणजे सगळ्या शरीरात जनुक बंद केलेला उंदीर, का पुरत नाही, हे आंतरराष्ट्रीय फेनोटायपिंग संघाने २०१६ मध्ये दिलेल्या आकड्यांतून कळतं. १,७५१ जनुकं एकेक करून बंद केली, त्यांतल्या ४१० जनुकांचे नॉकआउट दूध तोडायच्या वयाआधीच मेले. भ्रूणच दगावलं तर प्रौढ हृदयात किंवा मूत्रपिंडात ते जनुक काय करतं, हे विचारायला उंदीरच उरत नाही.

आता मालाची बांधणी. बॅक्टेरिओफाज पी१ मधलं क्रे हे एन्झाइम ३४ बेसजोड्यांचा लॉक्सपी नावाचा क्रम ओळखतं: दोन टोकांना १३-१३ चे उलटसुलट तुकडे, मध्ये ८ चा दिशा ठरवणारा भाग. एकाच दिशेच्या दोन लॉक्सपींमधला डीएनए क्रे कापून फेकतं. उंदरात एकाच प्रकारच्या पेशीत जनुक काढण्यासाठी हे वापरलं गेलं १९९४ मध्ये, क्लाउस राजेव्स्की यांच्या गटाकडून, टी पेशींत. टीएम१ए मध्ये मात्र दोन नव्हे, तीन लॉक्सपी असतात. क्रमाने पाहिलं तर आधी एक एफआरटी (फ्लिप या दुसऱ्या एन्झाइमची कापायची खूण), मग स्प्लाइस ॲक्सेप्टर (जनुकाच्या आरएनए प्रतीला, म्हणजे ट्रान्सक्रिप्टला, मध्येच पकडणारा क्रम) आणि लॅकझेड (रंग देणारं जनुक), मग पहिला लॉक्सपी, निओमायसिन कॅसेट (बदललेल्या पेशी निवडण्यासाठी), दुसरा एफआरटी, दुसरा लॉक्सपी, त्यानंतर मोक्याचा एक्झॉन (जनुकाचा प्रथिन लिहिणारा तुकडा) आणि शेवटी तिसरा लॉक्सपी. हा मोक्याचा एक्झॉन असा निवडलेला असतो की तो जनुकाच्या सगळ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये यावा आणि त्याची लांबी तीनने भागली जाऊ नये, म्हणजे तो निघाला की वाचनचौकट बिघडते.

एकाच उंदरातून चार वस्तू निघतात, आणि अक्षरं नीट लक्षात ठेवायला हवीत. टीएम१ए जसा येतो तसा नॉकआउटच असतो, कारण स्प्लाइस ॲक्सेप्टर ट्रान्सक्रिप्ट मध्येच अडवतो. त्याला क्रे दिला की निओमायसिन आणि एक्झॉन दोन्ही जातात, लॅकझेड राहतं, हा टीएम१बी. टीएम१ए ला फ्लिप रिकॉम्बिनेज दिला की लॅकझेड आणि निओमायसिन जातात, जनुक पुन्हा चालू होतं आणि एक्झॉनच्या दोन बाजूंना लॉक्सपी राहतात. हाच खरा कंडिशनल (हवं तिथे बंद करता येणारा), टीएम१सी; असा दोन्ही बाजूंना लॉक्सपी असलेला ॲलील म्हणजे 'फ्लॉक्स'. त्याला क्रे दिला की टीएम१डी.

सगळ्यांत महाग पडणारी चूक इथेच होते. टीएम१ए ची जोडी थेट यकृतात चालणाऱ्या अल्ब्युमिन-क्रेशी लावली जाते आणि 'यकृतातला नॉकआउट' म्हणून मोजमापं सुरू होतात. तो उंदीर आधीपासूनच सगळ्या शरीरात नॉकआउट आहे. यकृतात फक्त ए चा बी झाला. मधली फ्लिपची पायरी गाळता येत नाही.

दुसरा धोका तिसऱ्या लॉक्सपीचा. भ्रूण मूलपेशीत टार्गेटिंग होताना रिकॉम्बिनेशन कधीकधी कॅसेट आणि तिसऱ्या लॉक्सपीच्या मधेच होतं. कॅसेट बसते, तिसरा लॉक्सपी येतच नाही. अशा ॲलीलला टीएम१ई म्हणतात, आणि त्याचा कंडिशनल कधीच होत नाही. उंदीर पुरवणाऱ्या भांडाराचा गुणवत्ता-तपासणीचा अहवाल मागवा, पण त्यावर थांबू नका. उंदीर आल्याच्या आठवड्यात तिसऱ्या लॉक्सपीच्या दोन्ही बाजूंनी प्रायमर लावून पीसीआर करा आणि त्या बँडचं सीक्वेन्सिंग करून घ्या. एका दिवसाचं काम आहे. ते टाळलं तर वर्ष जाऊ शकतं.

तिसरं, टीएम१ए स्वतः नॉकआउट म्हणून वापरणार असाल तर थोडा संशय ठेवा. काही जनुकांत ट्रान्सक्रिप्ट कॅसेटला वळसा घालून पुढच्या एक्झॉनला जोडला जातो आणि थोडंफार प्रथिन बनत राहतं. शिवाय निओमायसिनला बीटा-ॲक्टिनचा जोरदार प्रमोटर आहे, त्याचा शेजारच्या जनुकांवर परिणाम होऊ शकतो. शुद्ध नॉकआउट हवा असेल तर बी किंवा डी करून घ्या.

लॅकझेड मात्र फुकट मिळालेला फायदा आहे. जनुक कुठे चालू असतं ते एक्स-गॅलच्या निळ्या रंगात दिसतं. १२.५ दिवसांच्या आसपासचं भ्रूण अख्खं रंगवता येतं, १४.५ च्या पुढे रंग आतपर्यंत जात नाही, तेव्हा काप घ्यावे लागतात. पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फार वेळ ठेवलं तर एन्झाइम मरतं. मूत्रपिंड आणि आतड्यात उंदराचं स्वतःचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं, ते आम्ल पीएचला काम करतं. म्हणून द्रावण ७.३ च्या खाली जाऊ देऊ नका आणि साध्या (जनुक न बदललेल्या) भावंडाचा नमुना त्याच डब्यात रंगवा.

पार्श्वभूमीचा प्रश्न विक्रेत्याच्या पानावर बारीक अक्षरात असतो. या उंदरांच्या जेएम८ मूलपेशी सी५७ब्लॅक/६एन या वंशाच्या आहेत. फ्लिप आणि क्रे लाइनी मात्र बहुतेक ६जे वर ठेवलेल्या असतात. नावात एकाच अक्षराचा फरक, पण ६एन मध्ये सीआरबी१ जनुकातला आरडी८ बदल आहे, ज्याने दृष्टिपटल बिघडतं. ६जे मध्ये एनएनटी जनुकाचा तुकडा गळलेला आहे, ज्याचा इन्सुलिन आणि ग्लुकोजवर परिणाम होतो. डोळ्यांचा किंवा मधुमेहाचा अभ्यास असेल तर हे दोन्ही पीसीआर पहिल्या पिढीपासून लावा आणि नको तो ॲलील बाहेर काढा. नाहीतर तुम्ही मोजाल एनएनटीचा परिणाम आणि श्रेय जाईल तुमच्या जनुकाला.

फ्लिपसाठी जुनी एफएलपीई लाइन आणि नवी एफएलपीओ लाइन असा पर्याय मिळतो. एफएलपीओ घ्या. एफएलपीई चालते, पण पिल्लं मोझेइक (काही पेशी बदललेल्या, काही नाही) निघण्याचं प्रमाण जास्त. मग एकाच शेपटीत ए आणि सी दोन्ही बँड दिसतात. अशा पिल्लाची जोडी साध्या उंदराशी लावली की पुढच्या पिढीत स्वच्छ सी वेगळा करता येतो. त्याच पिढीत फ्लिप जनुकही बाहेर काढा, म्हणजे ज्या पिल्लांत टीएम१सी आहे आणि फ्लिप नाही तीच पुढे न्या.

वेळापत्रक प्रामाणिकपणे मांडायचं तर असं: गर्भकाळ १९ ते २० दिवस, दूध तोडायला २१ दिवस, जोडी लावायच्या वयापर्यंत ६ ते ८ आठवडे. एका पिढीला १० ते १२ आठवडे धरा. पहिल्या पिढीत फ्लिप, दुसऱ्यात फ्लिपची हकालपट्टी, तिसऱ्यात एका बाजूला सी गुणिले सी करून फ्लॉक्स/फ्लॉक्स आणि दुसऱ्या बाजूला सी गुणिले क्रे, चौथ्यात प्रयोगाची पिल्लं. साधारण वर्ष गेलं. ज्या भांडारात तयार टीएम१सी मिळतो तिथे तोच मागवा, अर्धं वर्ष वाचतं.

चौथ्या पिढीची जोडी फ्लॉक्स/फ्लॉक्स गुणिले फ्लॉक्स/साधा-क्रे अशी असते. चार प्रकारची पिल्लं येतात, प्रत्येकी २५ टक्के. दहा नॉकआउट नर हवे असतील तर आठातलं एक पिल्लू कामाचं. म्हणजे ८० पिल्लं, आणि एका विणीत ६ ते ८ धरली तर १० ते १४ विणी. हे गणित प्राणी नीतिमत्ता समितीच्या अर्जात आधीच लिहा, नंतर संख्या वाढवून मागणं जड जातं. नॉकआउट स्वतः धडधाकट असेल आणि पिल्लं देत असेल तर त्याची जोडी थेट फ्लॉक्स/फ्लॉक्सशी लावून हीच संख्या निम्म्यावर आणता येते. मात्र तेव्हा क्रे आणि एकच फ्लॉक्स असलेली भावंडं मिळत नाहीत, हे विसरू नका.

जोडी लावण्याआधी नकाशा बघा. क्रे किंवा रिपोर्टर बसवायला नेहमी वापरलं जाणारं रोझा२६ हे ठिकाण सहाव्या गुणसूत्रावर आहे. तुमचं जनुकही सहावर असेल तर रोझा२६-क्रेईआरटी२ (टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावर कापणारी क्रे) आणि फ्लॉक्स एकत्र आणायला दोघांच्या मधे क्रॉसओव्हर व्हावा लागतो, आणि जनुक जवळ असेल तर तो दुर्मीळ. एआय१४ सारखा लाल रिपोर्टरही (क्रेने कापलं ती पेशी लाल दाखवणारा) रोझा२६ वरच बसतो, त्यामुळे एका प्रतीवर क्रे आणि दुसरीवर रिपोर्टर एवढीच जागा उरते.

आता क्रे. इथे एकेक लाइन वेगळी पारखावी लागते.

अल्ब्युमिन-क्रे ही यादीतली सगळ्यांत विश्वासू. कापणी हळूहळू होते: जन्माच्या वेळी अर्धवट, दूध तोडताना बरीच, सहा आठवड्यांना जवळपास पूर्ण. तीन आठवड्यांच्या पिल्लांवर निष्कर्ष काढू नका. आणि अख्ख्या यकृताच्या डीएनएत कापणी १०० टक्के कधीच दिसणार नाही, कारण त्यात रक्तवाहिन्यांच्या आणि कुप्फर पेशीही असतात. त्याला लाइनचा दोष म्हणू नये.

नेस्टिन-क्रे सर्वत्र वापरली जाते आणि आमच्या मते गरजेपेक्षा जास्त वापरली जाते. फ्लॉक्स काहीही नसताना, नुसती क्रे असलेली पिल्लंही भावंडांपेक्षा लहान असतात. वाढीचं संप्रेरक कमी पडतं, आणि भीतीशी जोडलेल्या स्मृतीच्या चाचणीतही फरक दिसतो. वजन, चयापचय किंवा वर्तन हा विषय असेल तर 'नुसती क्रे' हा गट नसलेला शोधनिबंध वाचायच्या लायकीचा नाही.

लायझोझाइम-एम-क्रे मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल दोन्हींत कापते. तिला 'मॅक्रोफेजची क्रे' म्हणणं चूक. ती लायझोझाइम२ जनुकातच बसवलेली आहे, त्यामुळे दोन प्रती ठेवल्यात तर ते जनुक गेलं. एकच प्रत ठेवा. टाय२-क्रे रक्तवाहिन्यांच्या अस्तराबरोबर रक्तपेशींतही कापते. मेदपेशींसाठी जुनी एपी२-क्रे घेऊ नका, ती मॅक्रोफेज आणि मेंदूतही शिरते; ॲडिपोनेक्टिन-क्रे घ्या. स्वादुपिंडासाठीची जुनी रिप-क्रे हायपोथॅलॅमसमध्येही चालते, आणि काही रिप-क्रे लाइनींच्या बांधणीत मानवी वृद्धिसंप्रेरकाचा तुकडा आहे. ग्लुकोजच्या प्रयोगात तिच्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं. हृदयाची अल्फा-एमएचसी-क्रे तरुण उंदरांत ठीक, पण सहा महिन्यांच्या आसपास नुसत्या क्रेनेच हृदयाचं आकुंचन मंदावल्याचं नोंदलं गेलं आहे. त्याचं एक कारण असं सांगितलं जातं की उंदराच्या जीनोममध्ये लॉक्सपीसारखे दिसणारे क्रम असतात, आणि क्रे भरपूर असेल तर ते तिथेही कापतं.

सिनॅप्सिन-१-क्रे कधीही नराकडून देऊ नका. ती वृषणातही चालू होते, शुक्रपेशीत फ्लॉक्स कापला जातो आणि पिल्लं सर्वांगी नॉकआउट म्हणून जन्मतात. ही गळती एका लाइनीपुरती नाही. मज्जासंस्थेच्या अनेक क्रे लाइनींत आई किंवा बाप यांपैकी एका बाजूने ती होते. कोणत्या बाजूने ते दोन्ही प्रकारच्या जोड्या लावून तपासा.

म्हणून जीनोटायपिंगला दोन नव्हे, तीन बँड पाहणारी प्रायमर-रचना हवी: साधा, फ्लॉक्स आणि कापलेला. कानाच्या तुकड्यात कापलेला बँड दिसला तर गळतीची शंका घ्या. अपवाद रक्तपेशींच्या क्रेचा. कानात रक्त असतंच, तिथे फिका बँड अपेक्षित आहे. आणखी एक सापळा: पीसीआरमध्ये छोटा बँड मोठ्याला दाबतो. एक साधा आणि एक फ्लॉक्स ॲलील असलेलं पिल्लू मग साधं वाटतं. प्रत्येक जेलवर माहितीतल्या संकरित (एक साधा, एक फ्लॉक्स) डीएनएची एक विहीर ठेवा, आणि ती विहीर नीट आली नाही तर अख्खी जेल रद्द धरा.

रिपोर्टर लाल झाला म्हणजे तुमचं जनुक कापलं गेलं, असं समजू नका. एआय१४ फार सहज कापला जातो. तुमच्या फ्लॉक्समधलं अंतर लांब असेल किंवा क्रोमॅटिन बंद असेल तर तीच पेशी लाल दिसेल आणि जनुक शाबूत असेल. क्यूपीसीआरचा एक प्रायमर कापल्या जाणाऱ्या एक्झॉनच्या आत ठेवा, आणि प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट कराच. प्रथिन दीर्घायुषी असेल तर डीएनए जाऊनही आठवडे ते टिकतं.

प्रौढ वयात कापायचं असेल तर क्रेईआरटी२ घ्यावी लागते. स्ट्रासबुर्गच्या शाम्बों यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडलेली ही युक्ती: क्रेला मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरचा बदललेला भाग जोडलेला, जो टॅमॉक्सिफेन मिळाल्यावरच केंद्रकात जातो. लाइन चांगली, पण औषध त्रासदायक.

प्रचलित मात्रा अशी: मक्याच्या तेलात २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर रात्रभर हलवत ठेवायचं, बाटलीला फॉइल गुंडाळायचं कारण प्रकाशात ते खराब होतं. ७५ मिलिग्रॅम प्रति किलो, पोटात, रोज एकदा, पाच दिवस. २५ ग्रॅमच्या उंदराला साधारण ९४ मायक्रोलिटर. शेवटच्या टोचणीनंतर निदान सात दिवस थांबायचं. फ्रिजमधून काढल्यावर तळाशी खडे दिसले तर पुन्हा ३७ अंशांवर विरघळवा. तसंच टोचलं तर पहिल्या उंदराला तेल आणि शेवटच्याला औषध मिळतं. हातमोजे घाला, आणि गरोदर सहकाऱ्याने हे काम करू नये. औषध विष्ठेतून बाहेर पडतं, म्हणून आठवडाभर तूस वेगळी टाका आणि फक्त तेल दिलेले उंदीर त्याच पिंजऱ्यात ठेवू नका.

मात्रा वाढवून कापणी वाढवायचा मोह टाळा. २० ग्रॅमच्या उंदराला एका वेळी ५ मिलिग्रॅमच्या वर दिलं की जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशी मरतात आणि अस्तर बदलतं. पोटावर काम करणाऱ्यांनी तो फेनोटाइप आपल्या जनुकाचा समजू नये. हाडांवरही परिणाम होतो. औषध मिसळलेलं खाद्य सोयीचं वाटतं, पण पहिले काही दिवस उंदीर ते खातच नाहीत आणि वजन उतरतं. किती औषध पोटात गेलं हेही कळत नाही. गाभण मादीला द्यायचं असेल तर बरोबर प्रोजेस्टेरॉन द्या, नाहीतर गर्भ जातो. तरीही प्रसूती अडते. १९ व्या दिवशी शस्त्रक्रियेने पिल्लं काढून दुसऱ्या मादीकडे द्यायची तयारी ठेवा.

कंट्रोल किती? क्रे नसलेला फ्लॉक्स/फ्लॉक्स, फ्लॉक्स नसलेला क्रे, आणि क्रेईआरटी२ असेल तर दोघांनाही टॅमॉक्सिफेन. शिवाय नॉकआउट जीनोटाइपचे काही उंदीर फक्त तेलावर, कारण रोझा२६-क्रेईआरटी२ औषधाशिवायही थोडं कापते. सगळे एकाच विणीतले असतील तर उत्तम.

भांडारात जनुकच नसेल तर क्रिस्परने बनवून घ्यायचा पर्याय राहतो. पुण्यात आयसरमध्ये आणि बंगळुरूला एनसीबीएसच्या आवारात उंदरांचा जीनोम बदलायची सोय आहे, त्यामुळे सगळं परदेशातूनच आणावं लागतं असं नाही. पद्धत मात्र विचारून घ्या. दोन गाइड (कुठे कापायचं ते दाखवणारे आरएनए) आणि दोन छोटे ऑलिगो (डीएनएचे तुकडे) एकदम टोचून दोन लॉक्सपी बसवायची मूळ पद्धत २०१३ मध्ये फार आशादायक वाटली होती. २०१९ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी एकत्र केलेल्या पडताळणीत यश एक टक्क्याच्याही खाली आलं. त्याऐवजी अख्खा फ्लॉक्स केलेला तुकडा एकाच लांब, एकपदरी डीएनएवर देणारी पद्धत बरी. पहिल्या पिढीचं पिल्लू मोझेइक असतं, म्हणून किंमत ठरवताना 'वंशात उतरलेला, सीक्वेन्स केलेला' दुसऱ्या पिढीचा उंदीर मिळणार का, हे लेखी घ्या. दोन्ही लॉक्सपी एकाच गुणसूत्रावर आहेत का, हे खात्रीने दुसऱ्या पिढीत कळतं.

परदेशी भांडारातून मागवताना जिवंत जोडी की गोठवलेलं वीर्य, हा प्रश्न येतो. भारतात उन्हाळ्यात जिवंत उंदीर मागवू नका. विमानतळाच्या धावपट्टीवर खोका तासभर राहिला तरी मामला संपतो. द्रव नायट्रोजनच्या ड्राय शिपरमधलं वीर्य आठवडाभर सहज टिकतं, आणि आयव्हीएफमधून आलेली पिल्लं बाहेरचे जंतू आणत नाहीत. त्यासाठी तुमच्या ॲनिमल हाऊसमध्ये आयव्हीएफ आणि भ्रूणरोपणाचा सराव असलेला माणूस हवा, आणि ६एन मादीची अंडी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पार्श्वभूमी पहिल्याच दिवशी मिसळते. जिवंतच घेणार असाल तर आरोग्य-अहवालात पार्व्होव्हायरस, माऊस हिपॅटायटिस, हेलिकोबॅक्टर आणि पिनवर्म या चार ओळी वाचल्याशिवाय होकार देऊ नका. नीतिमत्ता समितीची मंजुरी, आयात परवाना आणि भांडाराचा हस्तांतरण-करार यांचे अर्ज एकाच वेळी सुरू करा. त्यांतला सगळ्यांत हळू चालणारा कागद सहसा करारच असतो. टीएम१सी ची पहिली स्वच्छ पिढी हाती आली की दोन-तीन नरांचं वीर्य गोठवा, आणि गोठवलेल्या प्रत्येक नराच्या शेपटीचा डीएनए त्याच क्रमांकाने उणे वीसमध्ये ठेवा.